सेव्हिलमधला शेवटचा दिवस आणि कार्तिकी एकादशी

पोहोचलो तो दिवस

दिवाळीच्या सुट्टीतील स्पेनच्या प्रवासाचा शेवटचा मुक्काम सेव्हिलला ठेवायचा, हे आम्ही निघण्यापूर्वीच ठरवले होते. येथून माद्रिदला जाणारी वेगवान रेल्वे सुमारे ४७० किलोमीटरचे अंतर अडीच तासांत पार करते, त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत शहरात निवांत राहता येते, हे एक कारण. दुसरे कारण असे की, समुद्रापासून जवळपास ऐंशी किलोमीटर आत, नदीकाठी वसलेल्या या शहराने सोळाव्या शतकात अर्ध्या जगाचा व्यापार आपल्या हाती ठेवला होता, आणि त्या व्यापाराचे धागे आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येऊन पोहोचतात, याचे मला फार दिवसांपासून कुतूहल होते.

ग्रॅनाडाहून निघालेली गाडी दुपारी सांता हुस्ता स्थानकात शिरली. आम्ही पाच जण होतो: यजमान, मी, नववीतली थोरली, पाचवीतला धाकटा आणि माझ्या सासूबाई. सांता क्रूझ या जुन्या वस्तीतील एका घराचा तळमजला आम्ही भाड्याने घेतला होता. वस्तीतल्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की टॅक्सी बाहेरच सोडावी लागते, आणि हा अरुंदपणा उन्हाळ्याच्या काहिलीत रस्त्यावर सावली टिकावी म्हणून मुद्दाम राखलेला आहे. रस्तोरस्ती संत्र्यांची झाडे होती आणि हिरवी फळे नुकतीच पिवळसर होऊ लागली होती. ही संत्री कडू असतात. ती खाल्ली जात नाहीत, त्यांचा मुरंबा होतो. त्या दिवशी संध्याकाळी पाय मोकळे करण्यापलीकडे आम्ही काहीही केले नाही.

आदला दिवस

आदला संपूर्ण दिवस अल्काझार राजवाडा आणि प्लाझा दे एस्पान्या यांत गेला. अल्काझारमधला मुख्य महाल १३६४ च्या सुमारास राजा पेद्रो पहिला याने बांधून घेतला. राजा ख्रिस्ती, कारागीर मुस्लिम परंपरेत तयार झालेले आणि भिंतींवर अरबी लिपीतील कोरीवकाम, असा हा महाल आहे. ग्रॅनाडाचा अलहंब्रा पाहून आलेल्या माणसाला येथे काय नवे दिसणार, अशी शंका यजमानांनी बोलून दाखवली होती. परंतु राजदूतांच्या दालनातील सोनेरी लाकडी घुमटाखाली ते जवळजवळ अर्धा तास मान वर करून उभे होते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. प्लाझा दे एस्पान्या १९२९ च्या प्रदर्शनासाठी उभारलेला आहे. तेथील अर्धवर्तुळाकार इमारतीच्या पायथ्याशी स्पेनच्या प्रांतांची फरशीचित्रे असलेली बाके आहेत. आम्ही जाऊन आलो ते प्रांत मुलांनी शोधून काढले. तेथील गर्दी मला फारशी मानवली नाही.

रात्री मात्र आमच्या घरात वेगळीच लगबग होती. दुसऱ्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास होते आणि त्या वेळी स्पेनमध्ये आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. जेवणे उरकल्यावर सासूबाईंनी मोबाइल उशीला टेकवून ठेवला आणि सेव्हिलच्या त्या खोलीत बसून त्यांनी विठ्ठलाची पूजा पाहिली. नंतर बॅग उघडून त्यांनी उद्याची तयारी केली. घरून आणलेले राजगिऱ्याचे लाडू, भाजलेले शेंगदाणे, बटाट्याचा तळलेला कीस. “मला उद्या याहून अधिक काही लागायचं नाही. तुम्ही तुमचं हिंडणं माझ्यासाठी अडवू नका,” असे त्यांनी बजावले.

त्या डब्यांकडे पाहताना शेवटच्या दिवसाचा आराखडा माझ्या मनात पक्का झाला. शेंगदाणा, बटाटा आणि राजगिरा ही तिन्ही पिके मूळची अमेरिकेतली. ती युरोपीय लोकांच्या हाती लागली ती कोलंबसानंतर, आणि कोलंबसानंतरच्या अमेरिकेशी स्पेनने केलेला सर्व व्यवहार याच शहरातून चाले. तेव्हा राहून गेलेल्या स्थळांमागे न धावता त्या व्यवहाराच्या खुणा पाहायच्या, आणि दिवस नदीच्या पलीकडे त्रियानात संपवायचा.

शेवटचा दिवस : सकाळ

सामान बांधून घरमालकांच्या परवानगीने ते आतल्या खोलीत ठेवले आणि साडेनऊला इंडीजच्या, म्हणजे स्पेनच्या समुद्रापलीकडील वसाहतींच्या, अभिलेखागारात हजर झालो. येथे प्रवेशशुल्क नाही आणि गर्दीही नाही. समोरच्या कॅथेड्रलबाहेर रांग वाढत असताना या दारातून आत जाणारे आम्ही पाचच होतो. ही इमारत मुळात व्यापाऱ्यांसाठी बांधलेली आहे. सोळाव्या शतकात सेव्हिलचे व्यापारी कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर सौदे करीत आणि पाऊस आला की सरळ आत शिरत. धर्मगुरूंच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा त्यांच्यासाठी स्वतंत्र वास्तू बांधायचे ठरले, आणि हुआन दे एरेरा या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार १५८४ मध्ये काम सुरू झाले. कॅथेड्रलभोवतीचे साखळ्यांनी जोडलेले दगडी खांब आजही त्या वादाची आठवण देतात.

पुढे व्यापार ओसरला आणि १७८५ मध्ये राजा कार्लोस तिसरा याने साम्राज्याचे विखुरलेले कागद एकत्र ठेवण्यासाठी ही इमारत निवडली. आज या संग्रहात सुमारे ४३ हजार गठ्ठे आणि आठ कोटींच्या आसपास पृष्ठे आहेत. लालसर संगमरवराच्या जिन्याने वर गेले की लांबच लांब दालने लागतात आणि दोन्ही बाजूंना छतापर्यंत क्यूबाहून आणलेल्या लाकडाची कपाटे दिसतात. संशोधक शेजारच्या दुसऱ्या इमारतीत बसून काम करतात, त्यामुळे या दालनांत फक्त पावलांचा आवाज येतो. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागदांचे रुमाल ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना येथे उभे राहिल्यावर काय वाटेल, हे मी वेगळे सांगायला नको. राज्य गेले तरी त्याचा हिशेब मागे राहतो, आणि तो नीट राखला तर त्या राज्याने कोणावर काय लादले, हेही त्याच कागदांतून वाचता येते. अमेरिकेतील मूळ रहिवाशांची लूट, सक्तीची मजुरी आणि चांदीच्या खाणी यांचा पुरावा याच गठ्ठ्यांत आहे.

आपल्या दृष्टीने या संग्रहातला सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे १४९४ चा तोर्देसियासचा करार. आफ्रिकेजवळच्या केप व्हर्दे बेटांच्या पश्चिमेला ३७० लीगवर (लीग हे अंतराचे जुने माप) एक रेषा कल्पून स्पेन आणि पोर्तुगाल यांनी नव्याने सापडणारे जग आपसांत वाटून घेतले. त्या कराराची एक मूळ प्रत येथे आहे, दुसरी लिस्बनला. पश्चिम स्पेनच्या वाट्याला गेली आणि पूर्व पोर्तुगालच्या. म्हणून १४९८ मध्ये कालिकतला वास्को द गामा आला आणि १५१० मध्ये गोवा पोर्तुगीजांनी घेतले. स्पेनची जहाजे आपल्या किनाऱ्यावर ठाण मांडून बसली नाहीत, त्यामागे हा करार आहे. हे थोरलीला समजावून सांगत असताना तिने विचारले, “पण आपल्याला कुणी विचारलंच नाही?” यजमान म्हणाले, “नाही. आपल्यालाही नाही आणि अमेरिकेतल्या लोकांनाही नाही.” तिने पुढे काही विचारले नाही, परंतु त्या काचपेटीतल्या नकाशाजवळून ती लवकर हललीही नाही.

अकराच्या सुमारास कॅथेड्रलमध्ये प्रवेश मिळाला. तिकीट आधीच काढून ठेवणे आवश्यक आहे, विशेषतः वयस्कर माणूस बरोबर असेल तर. जगातील हे सर्वांत मोठे गॉथिक कॅथेड्रल अल्मोहाद या मुस्लिम राजवटीतील मशिदीच्या जागी उभे आहे. मशिदीचे संत्र्यांच्या झाडांचे अंगण आणि मिनार एवढे शिल्लक ठेवून बाकीचे पंधराव्या शतकात नव्याने बांधण्यात आले. त्या मिनारालाच हिराल्दा म्हणतात. ११८४ ते ११९८ या काळात तो बांधला गेला, आणि सोळाव्या शतकात त्यावर घंटाघर चढवण्यात आले. अजान देणाऱ्या मुअज्जिनाला घोड्यावर बसून वर जाता यावे म्हणून आत पायऱ्यांऐवजी ३५ चढण्या आहेत, असे सांगतात. कारण काहीही असो, गुडघे दुखणाऱ्या माणसाला ही रचना फार सोयीची आहे. प्रत्येक वळणावर क्रमांक लिहिलेला असतो आणि खिडकी असते. सासूबाई प्रत्येक खिडकीशी दोन मिनिटे थांबत, धाकटा त्यांना पुढचा क्रमांक सांगत असे, आणि अशा रीतीने उपवासाच्या दिवशी त्या अगदी वरपर्यंत, शेवटच्या सतरा पायऱ्यांसह, चढून आल्या. वरून नदी दिसली. ग्वादलकिविर शहराला वळसा घालून दक्षिणेकडे जाते आणि तिच्या पलीकडे त्रियानाची घरे आहेत.

खाली उतरून कोलंबसाच्या समाधीपाशी गेलो. कास्तील, लेओन, आरागोन आणि नावार्रा या चार राज्यांचे प्रतिनिधी त्याची शवपेटी खांद्यावर घेऊन चालले आहेत, असे हे ब्राँझचे शिल्प आहे. ते मुळात हवानासाठी घडवले होते. १८९८ मध्ये क्यूबा हातचे गेल्यावर अवशेषांसह ते सेव्हिलला आले. पुढच्या दोघांपैकी एकाच्या भाल्याचे टोक एका लहानशा फळात रुतलेले आहे. जवळ जाऊन पाहिले तेव्हा ते डाळिंब असल्याचे कळले. डाळिंब हे ग्रॅनाडाचे चिन्ह, आणि भाल्याने भोसकलेले डाळिंब म्हणजे १४९२ मध्ये जिंकलेले ग्रॅनाडा. आदल्या आठवड्यात त्याच शहरातील रस्त्यांवर खांबाखांबावर आम्ही हे फळ पाहिले होते, म्हणून मुलांनी ते लगेच ओळखले. अवशेष खरोखर कोलंबसाचे आहेत की नाहीत याविषयी पुष्कळ वाद झाला. डोमिनिकन प्रजासत्ताकातील सांतो दोमिंगो शहराचाही त्यांवर दावा आहे. सेव्हिलमधली हाडे कोलंबसाचीच असल्याचे ग्रॅनाडा विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये डीएनए तपासणीच्या आधारे जाहीर केले.

बहुतेक लोक या समाधीपाशी छायाचित्र काढून निघून जातात. माझ्या मते तेथून जवळच असलेले आंतिग्वा मातेचे, म्हणजे मेरीमातेचे, प्रार्थनास्थळ अवश्य पाहावे. पुढे पहिली पृथ्वीप्रदक्षिणा ठरलेल्या मोहिमेवर १० ऑगस्ट १५१९ रोजी दर्यावर्दी मॅगेलनची पाच जहाजे सुमारे २४० माणसे घेऊन सेव्हिलहून निघाली. मॅगेलन जन्माने पोर्तुगीज होता आणि त्यापूर्वी अनेक वर्षे तो भारताच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांच्या नोकरीत होता. १५०९ च्या दीवच्या लढाईतही तो होता. फिलिपिन्समध्ये तो मारला गेला. ८ सप्टेंबर १५२२ रोजी एल्कानोच्या नेतृत्वाखाली एकच जहाज सेव्हिलला परतले, आणि त्यावर अठरा माणसे उरली होती. दुसऱ्या दिवशी ती माणसे अनवाणी, हातात मेणबत्त्या घेऊन, नवस फेडायला येथल्या मातेच्या भित्तिचित्रासमोर आली होती. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्यांनी हात जोडले. दूरच्या प्रवासातून माणूस जिवंत परत आल्यावर अनवाणी देवाला जातो, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागले नाही.

दुपार

कॅथेड्रलमधून त्रियानाकडे जाताना आम्ही मुद्दाम सिएर्पेस या बाजारपेठेच्या रस्त्याने गेलो. निकोलास मोनार्देस हा सोळाव्या शतकातला वैद्य या रस्त्यावर राहत असे आणि येथे त्याची बाग होती. तो स्वतः कधीही अमेरिकेला गेला नाही. परंतु बंदरात उतरणारी बियाणी, मुळे आणि साली मिळवून तो आपल्या बागेत लावी, रोग्यांवर त्यांचे गुण तपासून पाही आणि १५६५ पासून त्याने त्यांविषयी लिहिले. जवळजवळ त्याच वेळी, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ता या दुसऱ्या वैद्याने गोव्यात भारतीय औषधी वनस्पतींवरचा आपला ग्रंथ छापला. हा तोच ओर्ता, ज्याच्याकडे काही काळ मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते. त्याचे शिक्षण स्पेनमध्ये सालामांका आणि अल्काला येथे झाले होते. दोघांचेही लेखन क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने लॅटिनमध्ये आणले आणि युरोपभर पोहोचवले. एकाच पिढीतला एक माणूस सेव्हिलला बसून पश्चिमेच्या वनस्पती लिहून ठेवतो आणि दुसरा गोव्यात बसून पूर्वेच्या, ही गोष्ट मला या संपूर्ण प्रवासात सर्वांत मोलाची वाटली.

१८५२ मध्ये खुला झालेल्या लोखंडी पुलावरून आम्ही त्रियानात गेलो. पुलाच्या टोकाशीच तेथील मंडई आहे आणि ती दुपारी तीनच्या सुमारास आवरते, म्हणून घाई केली. सासूबाईंसाठी फळे घ्यायची होती. एका गाळ्यावर हिरव्या रंगाची, ओबडधोबड सालीची फळे मांडलेली होती. “हे सीताफळच की!” असे म्हणून त्यांनी एक उचलले. ते चिरिमोया होते. ग्रॅनाडाच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर त्याच्या बागा आहेत. चिरिमोया आणि आपले सीताफळ ही एकाच कुळातली फळे असून दोघांचेही मूळ अमेरिकेत आहे. गाळेवाल्या बाईंनी एक फळ कापून चमचा पुढे केला. साल आपल्या सीताफळापेक्षा गुळगुळीत, गर सलग, पाकळ्या सुटत नाहीत, बिया काळ्या आणि मोजक्या, गोडीला किंचित आंबट किनार. आम्ही चार फळे घेतली. शेजारीच रताळी, लाल सुक्या मिरच्यांच्या माळा आणि टोमॅटोचे ढीग होते.

जेवण मंडईतल्याच एका टेबलावर झाले. येथे शाकाहारी माणसाने निवडायचा पदार्थ म्हणजे पालक आणि काबुली चणे. सेव्हिलचा हा खास पदार्थ लसूण, जिरे आणि ऑलिव्हचे तेल घालून करतात. पहिल्या घासाला आपल्याकडच्या पालक-चण्याच्या भाजीची आठवण व्हावी, असा तो लागला. टोमॅटोच्या गार, दाट सालमोरेखोवर डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडे पेरलेले असते, म्हणून मागवतानाच ते नको असल्याचे स्पष्ट सांगावे. सासूबाईंसाठी फक्त मीठ लावलेले, ऑलिव्हच्या तेलात तळलेले बटाटे मागितले. वाढणाऱ्या मुलाला उपवास म्हणजे काय हे माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितल्यावर त्याने तेल वेगळ्या कढईत घेऊन बटाटे ताजे तळून आणले, हे आवर्जून नोंदवते.

बटाट्याविषयी आणखी एक. युरोपच्या मुख्य भूमीवर बटाटा विकत घेतल्याची अगदी सुरुवातीची नोंद याच शहरातली आहे. १५७३ च्या सुमारास येथील एका मोठ्या रुग्णालयाच्या हिशेबात ती सापडते. त्या रुग्णालयाच्या इमारतीत आज अंदालुसियाची विधानसभा भरते. आपल्याकडे ही पिके सेव्हिलहून थेट आली असे मात्र नाही. ती आणली पोर्तुगीजांनी, आणि मिरचीसारखे पीक गोव्यामार्गे पश्चिम किनाऱ्यावर पसरले.

मंडईच्या खाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष आहेत. १४८१ पासून सुमारे तीनशे वर्षे स्पेनच्या इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मन्यायालयाचे ठाणे येथे होते. मी आणि थोरली एवढ्याच खाली उतरलो. दगडी जोती, कोठड्यांच्या जागा आणि भिंतीवरचे फलक याखेरीज तेथे पाहण्यासारखे फार नाही, आणि ते तसेच ठेवले आहे हे योग्य वाटते. गोव्यातही १५६० ते १८१२ या काळात असेच न्यायालय होते. गार्सिया द ओर्ता याचे घराणे मूळचे ज्यू. त्याच्या मृत्यूनंतर, १५६९ मध्ये, त्याच्या बहिणीला गोव्यात जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे उकरून काढून जाळण्यात आली. पणजीत आज त्याच्या नावाची बाग आहे. काही वेळापूर्वी सिएर्पेस रस्त्यावर ज्याची कथा ऐकली, त्याच माणसाचे पुढे हे झाले, हे ऐकून थोरली गप्प झाली. मुलांना हा भाग सांगू नये असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही.

साडेतीन ते पाच या वेळात त्रियानातली दुकाने बंद असतात. या वेळात कोणताही कार्यक्रम आखू नये. आम्ही नदीकाठच्या बेतिस रस्त्याला लागून असलेल्या बाकांवर बसलो. नदीचा मुख्य प्रवाह शहराबाहेरून वळवलेला असल्यामुळे येथले पाणी संथ असते. समोरच्या तीरावर १२२० च्या सुमारास बांधलेला बारा बाजूंचा सुवर्ण बुरूज आणि त्याच्याजवळ मॅगेलनच्या ताफ्यातील व्हिक्टोरिया या जहाजाची प्रतिकृती होती. एवढ्याशा जहाजातून माणसे पृथ्वीप्रदक्षिणा करून आली, यावर धाकट्याचा विश्वास बसेना.

थोरलीने वहीत उपवासाच्या पदार्थांची यादी केली. बटाटा, रताळे, शेंगदाणा, राजगिरा, मिरची, पपई, पेरू हे सर्व अमेरिकेतले. साबुदाणाही ज्या कंदापासून करतात तो टॅपिओका अमेरिकेतलाच, आणि तामिळनाडूत सेलमच्या परिसरात त्याचे कारखाने निघाले ते विसाव्या शतकात. यादी वाचून तिने विचारले, “आजी, मग संतांच्या काळात लोक एकादशीला खायचे तरी काय?” सासूबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, “वरी होती, शिंगाडे होते, सुरण होता, केळी, दूध, ताक होतं. आणि काही नसलं तर निर्जळी होती. आमच्या आजेसासूबाई निर्जळीच करायच्या. उपवास पदार्थांचा नसतो गं, पण चालतं काय नि चालत नाही काय, हे घरातल्या बायकांनीच ठरवलं. नवं काही आलं, की कुणीतरी म्हणालं असेल, हे कंद आहे, हे चालेल.” हे उत्तर मला पटले. शेतातल्या धान्याचे नियम पक्के असताना कंद आणि फळे यांना मोकळीक होती, आणि त्या मोकळ्या जागेतून समुद्रापलीकडची पिके आपल्या व्रतात येऊन बसली.

संध्याकाळ

पाच वाजता फरशीकामाची दुकाने उघडली. त्रियाना हे शतकानुशतके कुंभारांचे आणि फरशी रंगवणाऱ्यांचे गाव. भट्ट्या आता शहराबाहेर गेल्या असल्या तरी रंगवण्याचे काम काही दुकानांत अजून चालते. एका दुकानात मागच्या बाजूला एक बाई काम करीत बसल्या होत्या आणि त्यांनी आम्हाला जवळ उभे राहून पाहू दिले. आधी फरशीवर मँगनीजची पूड स्निग्ध पदार्थात कालवून तिच्या बारीक काळ्या रेघांनी नक्षी आखतात. मग रबरी फुग्याला लावलेल्या बारीक नळीतून प्रत्येक कप्प्यात पातळ झिलई थेंबाथेंबाने सोडतात. झिलई रेघेपाशी येऊन थांबते, कारण तेलकट रेघ पाण्याला पुढे जाऊ देत नाही. थेंब फुगून उभा राहतो, पण ओलांडत नाही. हजार अंशांच्या आसपास भाजल्यावर स्निग्धांश जळून जातो आणि रंगांच्या मधोमध एक काळी, किंचित खोल रेघ उरते. भाजण्यापूर्वी सर्व रंग फिकट, राखाडी दिसतात. निळा कोणता आणि हिरवा कोणता हे त्या बाईंना कसे कळत होते, असे धाकट्याने विचारले, तेव्हा त्यांनी वाट्यांवर लिहिलेले आकडे दाखवले.

पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातील निळ्या फरशीचित्रांपुढे मी पूर्वी उभी राहिले होते. परंतु ती पोर्तुगीज पद्धतीची, ब्रशने रंगवलेली असल्याने हा काळ्या रेघेचा प्रकार मला नवा होता. आम्ही दोन फरश्या घेतल्या. मंडईतून लाल मिरचीपुडीचा एक लहान डबाही घेतला होता. चिनी मातीच्या मोठ्या वस्तू घेण्याचा मोह मात्र टाळावा. विमानात त्या वजनालाही जड जातात आणि फुटतातही.

पुलाजवळच्या चौकात भाजलेल्या चेस्टनटची गाडी लागली होती आणि तिचा धूर सगळीकडे पसरला होता. हे उपवासाला चालेल का, अशी चर्चा झाली. “झाडाचं फळ आहे, मिठाशिवाय भाजलंय, न चालायला काय झालं?” असे म्हणून सासूबाईंनी स्वतःच एक पुडी घेतली आणि सर्वांना वाटली. सव्वासहाच्या सुमारास सूर्य मावळला, तेव्हा पुलावर घरी परतणाऱ्यांची आणि फिरायला निघालेल्यांची गर्दी झाली होती. शहराचा खरा दिवस याच वेळी सुरू होतो.

आम्हाला मात्र निघायचे होते. सांता क्रूझमधून सामान घेतले आणि साडेसातला सांता हुस्ता स्थानक गाठले. येथे वेगवान गाडीच्या फलाटावर जाण्यापूर्वी सामान यंत्रातून तपासले जाते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास हाताशी ठेवावा. हीच सेव्हिल-माद्रिद रेल्वे १९९२ मध्ये सुरू झालेली स्पेनची पहिली वेगवान रेल्वे होय. गाडी कॉर्दोबा सोडेपर्यंत मुले झोपी गेली. सासूबाईंनी एक चिरिमोया कापले, अर्धे मला दिले, आणि बिया कागदात नीट गुंडाळून ठेवल्या. परदेशातून बियाणे विनापरवाना नेता येत नाही असे मी सांगितल्यावर त्यांनी तो कागद उलगडला, एकेक बी पुन्हा निरखून पाहिले आणि माद्रिदच्या स्थानकावर तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर जाण्यापूर्वी हॉटेलच्या न्याहारीत टोमॅटोचा कीस आणि ऑलिव्हचे तेल लावलेल्या पावावर त्यांनी द्वादशीचे पारणे केले.